सहा एकरांतला पालापाचोळा

वाचकाचं पत्र

नमस्कार काका,

तुळजापूर रस्त्याला, हिप्परग्याच्या पुढे आमची सहा एकर जमीन आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर सासऱ्यांनी हा मुरमाड माळ घेतला आणि दरवर्षी थोडी थोडी झाडं लावत गेले. आज तिथे लिंब (कडुलिंब), शिरीष, करंज, चिंच, साग, थोडी निलगिरी आणि सुबाभूळ अशी चार-पाचशे झाडं असतील. मधोमध जुनं दगडी घर, विहीर आणि गोठा. दोन म्हशी आणि सहा शेळ्या आहेत. सासरे गेले. यजमान निवृत्त झाल्यावर शहरातलं घर मुलाकडे सोपवून आम्ही सासूबाईंना घेऊन इथे राहायला आलो.

संक्रांत झाली की पानगळ लागते ती पाडव्यापर्यंत थांबत नाही. सासूबाई म्हणतात, पाला साठला की साप-विंचू येणार, रोज झाडलंच पाहिजे. मुलगा म्हणतो, जंगलात कोण झाडायला जातं, एका पानाला हात लावू नका. गडी म्हणतो पेटवून देऊ, राखेचं खत होतं. शाळूची (रब्बी ज्वारीची) काढणी चालू असल्यानं बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर पंधरा दिवसांची हजेरी परवडत नाही. पंधरवड्यापूर्वी गड्यानं विहिरीजवळ ढीग पेटवला, वारं सुटलं आणि सासऱ्यांच्या हातचा मोठा लिंब एका अंगानं भाजला. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. आता एक वीटभट्टीवाला सगळा पाला ट्रॉलीनं फुकट न्यायला तयार आहे. देऊन टाकू का? आणि तो लिंब जगेल का?

एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी त्या वीटभट्टीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगा. फुकट नेतो म्हटल्यावर तो आपल्यावर उपकार करतोय असं वाटतं, पण ट्रॉलीत भरून जाणार आहे ती तुमच्या सासऱ्यांची जन्मभराची कमाई आहे. आपल्याकडे वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही लहरी. मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो. अशा मुलखात झाडाखाली पडलेला पाला हे जमिनीचं पांघरूण असतं. ते उचलून भट्टीत घालायचं आणि उन्हाळ्यात त्याच झाडांना टँकरचं पाणी विकत आणून घालायचं, हा व्यवहार मला पटत नाही.

हे मी स्वतः चुकून शिकलोय. मोहोळकडे माझी अडीच एकर आहे, मध्यम काळी जमीन, आंबा आणि सीताफळ. सुरुवातीला मला स्वच्छ बागेचा फार सोस होता. २००३ च्या दुष्काळात, फेब्रुवारीत, दोन बाया लावून आंब्याखालची जमीन मी अंगणासारखी लोटून घेतली. बांधाकडच्या चार झाडांपर्यंत त्या पोचल्या नाहीत, कारण त्यांना शाळू काढायला जायचं होतं. तेवढ्या झाडांखाली पाला तसाच राहिला. मे महिन्यात लोटलेल्या जमिनीला करंगळी आत जाईल अशा भेगा पडल्या. पाणी सोडलं की ते भेगांतून खाली पळायचं, आणि दुपार कलली तरी पानं लोंबलेलीच असायची. एके दिवशी त्या चार झाडांखाली गुडघे टेकून बसलो आणि हातानं पाला बाजूला केला. वरची पानं कुरकुरीत, हात लावला की चुरा होणारी. त्याखालची मऊ आणि काळपट, काही पानांच्या नुसत्या शिरा जाळीसारख्या उरलेल्या, मधून पांढऱ्या बुरशीचे बारीक दोरे गेलेले. आणि त्याच्याही खाली माती गार होती. बोट पेरभर सहज आत गेलं. तिथून चार पावलांवर कुदळ टणकन उडत होती. तेव्हापासून झाडांखाली मी खराटा लावलेला नाही.

आता तुमच्या घरातला वाद. मला विचाराल तर सासूबाईंचं बरोबर आहे आणि मुलाचंही बरोबर आहे, दोघं वेगवेगळ्या जागेबद्दल बोलतायत एवढंच. सासूबाईंच्या डोळ्यांसमोर घर, अंगण आणि रात्री विहिरीकडे जायची वाट आहे. मुलाच्या डोळ्यांसमोर मागची झाडी आहे. पाला कुठे ठेवायचा आणि कुठून काढायचा, एवढं एकदा आखून घेतलं की भांडायला काही उरत नाही. त्यासाठी गुंठ्यांत हिशेब करू.

सहा एकर म्हणजे २४० गुंठे. जमीन साधारण चौरस धरली तर एक बाजू पाचशे फुटांच्या जरा वर येते, म्हणजे कुंपणाची लांबी झाली दोन हजार फूट. कुंपणाच्या आतून दहा फुटांचा पट्टा साफ ठेवायचा तर १८-१९ गुंठे. घराच्या चारी अंगांनी पंचवीस फूट, म्हणजे पाच-सहा गुंठे. गोठा, विहिरीचा काठ आणि फाटकापासून घरापर्यंतची वाट मिळून तीन-चार. सगळे मिळून २८ गुंठे धरा. पाऊण एकरसुद्धा नाही. एवढंच झाडायचं, बाकी सव्वापाच एकरांत खराटा न्यायचाच नाही. पंधरा दिवसांचं काम दोन-तीन दिवसांवर येतं. घराजवळ आणि वाटांवर रोज खराटा फिरवायचा ते वेगळं, बाकीचं पानगळ संपेपर्यंत आणखी दोनदा करावं लागेल, पण शाळूच्या दिवसांत दोन बाया दोन दिवस मिळणं आणि पंधरा दिवस मिळणं यात किती फरक आहे ते तुम्हाला मी सांगायला नको.

कुंपणाकडचा पट्टा सगळ्यात आधी, याच आठवड्यात. होळी तोंडावर आलीय. आग पुढे सरकू नये म्हणून वन खातं जंगलात मोकळा पट्टा, म्हणजे जाळरेषा, काढतं त्याच कामाचा हा पट्टा, फक्त आपण तो जाळून नाही, तर खरवडून काढायचा. पाला, वाळलं गवत, काटक्या सगळं आत ओढून घ्यायचं, खालचा मुरूम उघडा दिसला पाहिजे. रस्त्यानं जाणारा कुणी विडी टाकतो, शेजारी कुणी उसाचं पाचट पेटवतं, आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी वारं असं सुटतं की ठिणगीला शंभर फूट काहीच नाहीत. शेजारी ऊस असेल तर त्या बाजूला पट्टा वीस फुटांचा करा. जमिनीत विजेची डीपी असेल तर तिच्याभोवती आणि वरून तारा गेल्यात त्यांच्या खालीही साफ करा. मे संपेपर्यंत कुंपणाजवळ पाण्याचं एक पिंप भरलेलं आणि चार गोणपाटं ठेवा. गवतातली आग भिजवलेल्या गोणपाटानं किंवा हिरव्या डहाळ्यांनी झोडपून विझवता येते, पण ती पहिल्या पाच मिनिटांत. नंतर माणसं मागे घ्यायची आणि अग्निशमनला फोन करायचा.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि सापांबद्दल त्या म्हणतात ते मी एका शब्दानंही खोडून काढत नाही हेही सांगा. आपल्या माळावर फुरसं असतं. वीतभर-हातभर लांबीचं, मातीच्याच रंगाचं, दगडाच्या कडेला पाचोळ्यात बसलं तर पाऊल पडेपर्यंत दिसत नाही. घोणस आहे, नाग आहे, मण्यार आहे. म्हणून घराभोवतीचे पंचवीस फूट आणि वाटा रोज लोटलेल्या हव्यात, आणि रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडायचं नाही. पण साप येतो तो उंदीर-बेडकांच्या मागं. घराच्या भिंतीला लागून कडब्याची गंजी, सरपणाचा ढीग किंवा दगडांची रास असेल तर नुसता पाला झाडून उपयोग नाही, तीही हलवा. ढीग उपसताना हात घालायचा नाही. आधी दाताळ्यानं हलवायचा, जरा थांबायचं, मग ओढायचा. गड्याला आणि बायांना बूट घेऊन द्या, हजेरीच्या मानानं तो खर्च काहीच नाही. आणि एवढं करूनही कुणाला चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं, मंत्र यात एक मिनिट घालवू नका. ज्याला चावलंय त्याला चालू न देता तडक सिव्हिलला घेऊन जा. या चारही सापांच्या विषावर चालणारं इंजेक्शन असतं, आणि उपाय तोच आहे.

मागच्या झाडीत पाला ठेवायचा म्हटलं तरी सगळी झाडं सारखी नसतात. लिंब, शिरीष, करंज आणि चिंच यांची चिंता करूच नका. यांची पानं सागाच्या मानानं लहान असतात, लवकर कुजतात. शिरीष आणि करंज तर शेंगवर्गातले, त्यांच्या पाल्यात नत्र (नायट्रोजन) जास्त. लिंबाचा पाला कडू म्हणून जमीन बिघडते असं कुणी सांगेल तर मनावर घेऊ नका, तो चांगला कुजतो.

सागाखाली मात्र हौसेनंसुद्धा झाडू नका. सागाचं पान ताटाएवढं. पावसाचे बारीक थेंब त्यावर गोळा होतात आणि मोठा थेंब होऊन उंचावरून खाली आदळतात. खाली पाला असेल तर तो मार पाला खातो. जमीन उघडी असेल तर प्रत्येक थेंब माती उडवतो आणि उतारानं ती वाहून जाते. पाला जाळलेल्या सागाखालची मुळं कशी उघडी पडतात ते मी पाहिलंय. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात, उत्तरा-हस्ताच्या वेळी, धो धो आणि थोड्या वेळात पडतो. तुमच्या मुरमावर जी काही चार बोटं माती तयार झाली असेल, ती तिथे राहते का हिप्परग्याच्या तलावात जाते, हे त्या पाल्यावर ठरणार आहे.

निलगिरीचा पाला वेगळा. त्यात तेल असतं, तो भडकन पेटतो आणि कुजायला वेळ घेतो. घराजवळ आणि कुंपणाजवळ निलगिरी असेल तर तिचा पाला आधी उचला आणि झाडीच्या आत दुसऱ्या निलगिरीखालीच नेऊन टाका. कोवळ्या रोपांना तो घालू नका. सुबाभळीचा पाला खतासाठी उत्तम, पण शेंगांसकट घेतलात तर जिथे टाकाल तिथे सुबाभळीचं रान माजेल. तिचं बी टणक असतं, खताच्या खड्ड्यातूनही शाबूत निघतं. शेंगा हिरव्या असतानाच फांद्या छाटून शेळ्यांना घाला. आणि कुठे वेडी बाभूळ उगवली असेल तर तिचे काटे पाल्यात येऊ देऊ नका, खड्डा तुडवणाऱ्याच्या पायात एक काटा गेला की पुढे कोणी खड्ड्यात उतरणार नाही.

आता या २८ गुंठ्यांतून निघालेला पाला. तो उचलायला पाट्या-टोपल्या वापरू नका, पाला हलका असतो आणि फेऱ्या फार होतात. आपल्या घरात जुन्या सोलापुरी चादरी कधी संपत नाहीत. विरलेली, भोकं पडलेली एक चादर काढा, जमिनीवर पसरा, दाताळ्यानं पाला तिच्यावर ओढा, चारही टोकं एकत्र घेऊन गाठ मारा. डोक्यावर घेतलं तर ओझं वाटत नाही, ओढत नेलं तर चादर मुरमावरून घसरत जाते. माझ्याकडे एकच चादर सहा वर्षं चालली. ओढताना मावा-गुटख्याच्या पुड्या आणि पिशव्या हाती लागतील त्या तेवढ्या वेगळ्या काढायच्या, नाहीतर पुढे खतातून त्याच वर येतात.

पहिला पाला गोठ्यात. म्हशींच्या खाली संध्याकाळी वीतभर जाडीचा वाळला पाला अंथरा. रात्रभर मूत त्यात जिरतं, खुरांनी तो तुडवला जातो, आणि सकाळी शेणासकट लोटून उकिरड्यात किंवा खड्ड्यात. म्हशींच्या अंगालाही बरं. मूत मोरीतून वाहून जातं ते सगळं वाचतं. आपल्या आज्या-पणज्या हेच करत होत्या, सिमेंटचे गोठे आल्यावर आपण सोडून दिलं. तुमच्याकडे दोन म्हशी आणि इतका पाला आहे, तर हे काम उद्यापासून सुरू करता येईल, त्याला काही विकत आणावं लागत नाही.

दुसरा वाटा लहान झाडांचा. गेल्या दोन-तीन वर्षांत लावलेली रोपं असतील तर त्यांना याच महिन्यात आच्छादन करा. एक चूक बहुतेक जण करतात, कोरड्या जमिनीवर पाला पसरतात. मग वरून थोडं पाणी दिलं तर ते पाल्यातच मुरतं, मुळाशी पोचत नाही. आधी भरपूर पाणी, ते जिरलं की मग पाला. चार बोटं जाडीचा, आळ्याच्या कडेपर्यंत. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडायची, खोडाला पाला चिकटला की तिथे वाळवी चढते आणि पावसाळ्यात साल कुजते. वारं पाला उडवून नेईल, म्हणून वरून मूठ-मूठ माती भुरभुरा आणि कडेला दोन दगड ठेवा. वाळवी पाल्याला लागेल, तिला घाबरू नका, ती मेलेलं खाते. फक्त कोवळ्या खोडापासून तिला लांब ठेवायचं.

उरलेल्या पाल्याला खड्डा. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी बसवलेली नाडेप पद्धत तुम्ही ऐकली असेल, विटांचं दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच टाकं, भिंतींना हवेसाठी भोकं ठेवलेली. पद्धत उत्तम आहे, तीन-चार महिन्यांत खत देते. पण तुमच्या माळावर एप्रिलचं वारं त्या भोकांतून ओल शोषून घेतं आणि पाणी मारून मारून माणूस थकतो. म्हणून मी तुम्हाला त्याच मापाचा जमिनीतला खड्डा सुचवीन. कोकणात खड्डा घेतला तर पावसात त्याची विहीर होते, तिथे ढीगच बरा. आपल्याकडे उलट, खड्ड्यात ओल टिकते. शिरीषाच्या सावलीत, विहिरीपासून बराच लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्या.

वाळल्या पानात नत्र फार कमी असतं. पान टाकण्याआधी झाड त्यातलं बरंचसं परत ओढून घेतं, उरतो तो कर्ब (कार्बन). म्हणूनच नुसत्या पाल्याचा ढीग वर्षानंतरही तसाच दिसतो आणि माणसाला वाटतं आमच्याकडे कुजतच नाही. त्याला शेण पाहिजे. अर्धा फूट पाल्याचा थर घ्या, गड्याला त्यावर चालायला लावून दाबा, वरून शेणकाला ओता, शेळ्यांच्या लेंड्या आणि जमेल तितका हिरवा पाला टाका, मग मातीचा पातळ हात फिरवा आणि पाणी शिंपडा. पुन्हा थर. सागाचं पान अख्खं टाकू नका, भाकऱ्या एकावर एक रचाव्या तशी ती चिकटतात आणि मधे हवा-पाणी शिरत नाही. आधी ती वाटेवर पसरून ठेवा, म्हशी येता-जाता तुडवतील. खड्डा भरला की वरून शेणमातीनं लिंपून टाका. ओल बरोबर आहे का ते बघायला मूठभर घेऊन घट्ट पिळा: बोटांतून एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर जास्त, काहीच नाही आलं तर पाणी कमी. महिन्यानं एकदा खालवर करा. आत हात घालवत नाही इतकी ऊब लागली तर काम चालू आहे असं समजा.

विहिरीला एप्रिलमध्ये पाणी किती राहतं ते तुम्ही लिहिलं नाही. कमी राहत असेल तर खड्ड्याच्या नादात प्यायचं पाणी घालवू नका. भरून, लिंपून तसाच ठेवा. मृगानंतर पाऊस लागला की लिंपण फोडा, दिवाळीपर्यंत खत हातात येईल. तीन महिन्यांऐवजी आठ महिने लागले तर काही बिघडत नाही. विहिरीवर मात्र पाडव्यापर्यंत जुनं शेडनेट ताणून बांधा, पाला आत पडून कुजला की पाण्याला वास येतो आणि उपसा करावा लागतो.

गड्याशीही बोललं पाहिजे, पण रागावून नको. राखेचं खत होतं हे त्यानं लहानपणापासून ऐकलंय. त्याला दोन गोष्टी सांगा. पाला पेटला की त्यातलं नत्र आणि कर्ब धूर होऊन जातं, खाली उरते ती खारट-चुनखडी राख. आपली जमीन आधीच चुनखडीची, त्यामुळेच कित्येक झाडांची कोवळी पानं पिवळी पडतात. त्यात आणखी राख घालून काय साधणार? आणि उघड्यावर कचरा-पाला जाळायला कायद्यानंही बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड सांगितलाय. त्याच्या हातात काडेपेटीऐवजी खड्ड्याचं काम द्या, आणि दिवाळीत पहिल्या खताची एक ट्रॉली त्याच्या स्वतःच्या रानात जाऊ द्या. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कुणाला काडी लावू देणार नाही.

राहिला तुमचा लिंब. पत्रातली ती ओळ मी दोनदा वाचली. सासऱ्यांच्या हातचं झाड जळताना बघणं सासूबाईंना किती जड गेलं असेल ते समजतं.

लिंब चिवट आहे, आणि एका अंगानं भाजलाय म्हणजे दुसऱ्या अंगाची साल रस वाहतेय. आत्ता तो काय अवस्थेत आहे हे वरून कळणार नाही, कारण फेब्रुवारीत निरोगी लिंबसुद्धा पानं टाकतो. काळ्या पडलेल्या बाजूला, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, नखानं किंवा चाकूच्या टोकानं सालीचा तांदळाएवढा तुकडा खरवडा. आत हिरवट-ओलसर दिसलं तर तिथे जीव आहे. तपकिरी, कोरडं लागलं तर वर सरकून पुन्हा बघा. दोन-तीन ठिकाणी, त्याहून जास्त नको. कुऱ्हाड आत्ता लावायची नाही, एकही फांदी छाटायची नाही. कुणी डांबर फासायला सांगेल, तेही नको.

साल सुटून लाकूड उघडं पडलं असेल तिथे बोर्डो पेस्ट लावा. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना वेगळ्या पाच लिटरमध्ये, प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवून मग दोन्ही एकत्र करायचं. लोखंडी किंवा पत्र्याची बादली घेऊ नका. तेवढं एका झाडाला खूप होतं, उरलेलं घराजवळच्या झाडांच्या बुंध्यांना लावा. खोडाच्या बाकी भाजल्या अंगाला नुसता चुना पोतून घ्या, दुपारचं पश्चिमेचं ऊन त्या उघड्या सालीवर बसायला नको. आठवड्यातून एकदा, बुंध्यापाशी नाही तर फांद्यांच्या घेराखाली, सावकाश आठ-दहा घागरी पाणी द्या आणि त्यावर वीतभर पाला. शेण किंवा रासायनिक खत यंदा काहीच नको. मृगाचे दोन-तीन पाऊस झाल्यावर ज्या फांद्यांना पालवी फुटली नाही तेवढ्याच कापायच्या.

पाडव्याच्या आसपास त्याच्या चांगल्या बाजूला तांबूस कोवळी पालवी दिसायला लागेल. यंदा गुढीला आणि चटणीला त्या झाडाचा पाला काढू नका. वाटेवरच्या दुसऱ्या कुठल्याही लिंबाचा घ्या. आणि पालवी कुठल्या फांदीपर्यंत पोचलीय ते सासूबाईंना खाली खुर्ची टाकून बघू द्या. जमलं तर मला दोन ओळी कळवा.